नागपूर ते लेह स्वतःच्या गाडीने : सप्टेंबरच्या बेताबद्दल सल्ला हवा आहे

धरमपेठकर

सर्वांना नमस्कार. सप्टेंबरच्या मध्यावर नागपूरहून स्वतःच्या गाडीने लडाखला जाऊन यावे, असा आमचा विचार आहे. आम्ही चौघे आहोत : मी, माझे यजमान, चौदा वर्षांची मुलगी आणि सदुसष्ट वर्षांचे सासरे. गाडी आम्ही दोघे आलटूनपालटून चालवू. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, रक्तदाबाची गोळी रोज सुरू आहे. एरवी प्रकृती उत्तम असून अंबाझरी तलावाकडचा सकाळचा फेरफटका त्यांचा सहसा चुकत नाही. गाडी पेट्रोलची आहे, टाकी पंचेचाळीस लिटरची आहे आणि ती फोर व्हील ड्राइव्ह नाही.

सध्याचा बेत असा आहे. पहिला मुक्काम ग्वाल्हेर, दुसरा चंदीगड, तिसरा मनाली, चौथा सारचू आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी लेह. तेथून नुब्रा, पाँगाँग, हानले आणि उमलिंग ला (तिकडे ‘ला’ म्हणजे खिंड) करून लेहला परत यायचे आणि कारगिल, श्रीनगर, जम्मू या मार्गाने घरी यायचे. रजा अठरा दिवसांची मिळणार आहे. घरातल्या कोणीही याआधी ३,००० मीटरच्या वर रात्र काढलेली नाही.

दिवस पुरतील का, गाडी पुरेशी आहे का, आणि बाबांना न्यावे की नाही, हे तीन प्रश्न आहेत. तिसरा प्रश्न आमच्यासाठी सर्वांत अवघड आहे. त्यांचे बालपण कामठीला, गार्ड्स रेजिमेंटच्या केंद्राच्या परिसरात गेले आणि द्रासचे युद्धस्मारक एकदा डोळ्यांनी पाहावे ही त्यांची फार जुनी इच्छा आहे. त्यांना घरी ठेवून आम्ही जावे, हे मनाला पटत नाही. आणि केवळ आपल्या हौसेपायी त्यांचा जीव धोक्यात घालणेही पटत नाही.

कन्हानकाठ

ताई, बेत सविस्तर मांडलात हे चांगले केलेत, कारण त्यामुळे नेमके बोलता येईल. आपण किलोमीटर मोजून दिवस बसवले आहेत. दिल्लीपर्यंत ते योग्यच आहे. हिमालयात शिरल्यानंतर मात्र आखणीचा आधार बदलावा लागतो : आज रात्री आपण किती उंचीवर झोपणार आणि काल रात्री किती उंचीवर झोपलो होतो, या दोन आकड्यांवरून प्रत्येक दिवस ठरवावा. दिवसा एखादी खिंड ओलांडून पलीकडे उतरणे शरीर बरेचदा सोसते. रात्रभर उंचावर पडून राहणे त्याला जड जाते.

या नजरेने आपला बेत पाहा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, मनाली सुमारे २,०५० मीटरवर आणि सारचू सुमारे ४,२९० मीटरवर. म्हणजे चौथ्या रात्री आपण एका दिवसात दोन हजार मीटरहून अधिक चढून तिथे झोपणार, आणि तेही वाटेत ४,८०० मीटरहून उंच असलेला बारालाचा ला पार करून. त्या रात्री कोणाला त्रास सुरू झालाच, तर मागे बारालाचा आहे आणि पुढे लाचुलुंग ला, जो ५,००० मीटरच्याही वर आहे. खाली उतरायचे म्हटले तरी आधी चढावे लागते. सारचूला ज्या रात्री बिघडतात त्या याच कारणाने बिघडतात, आणि सोबत वयस्क माणूस नसता तरी मी हाच आक्षेप घेतला असता.

म्हणून वर्तुळ हेच ठेवा, फक्त ते उलट्या दिशेने फिरा. श्रीनगरकडून आत जा आणि मनालीकडून बाहेर या. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर आहे. पुढे सोनमर्ग, मग ३,५२८ मीटरची झोजी ला खिंड, मग द्रास आणि मग कारगिल, जे पुन्हा खाली २,६७६ मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी नामिका ला आणि ४,१०८ मीटरचा फोतू ला ओलांडून लामायुरू, खालत्से, निम्मू या वाटेने ३,५०० मीटरवरील लेहला पोहोचता. श्रीनगर-लेह रस्त्यावरचा सर्वांत उंच बिंदू फोतू लाच आहे, आणि तिथे आपण फोटो काढण्यापुरतेच थांबणार. मुक्कामाच्या उंचीचा क्रम श्रीनगर, कारगिल, लेह असा पायरीपायरीने चढतो. शिवाय बाबांचे द्रासचे स्मारक जाण्याच्याच वाटेवर येते. रस्त्याच्या कडेलाच असलेले हे स्मारक तोलोलिंगच्या पायथ्याशी आहे. त्यासाठी वेगळी चढण चढावी लागत नाही.

सप्टेंबरचा मध्य हा काळ योग्य आहे. अमरनाथ यात्रा राखीपौर्णिमेला संपलेली असते, त्यामुळे बालटाल-सोनमर्गची गर्दी ओसरते, आणि मोसमी पाऊस माघारी फिरू लागलेला असतो. तरीही जम्मू-श्रीनगर महामार्गाबद्दल निश्चिंत राहू नका. चेनानी-नाशरीचा ९ किलोमीटरहून लांब बोगदा २०१७ मध्ये सुरू झाला, त्यानंतर काझीगुंड-बनिहालचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा आला, आणि प्रवास पूर्वीपेक्षा बराच सुकर झाला. पण रामबन ते बनिहाल या टप्प्यात पावसानंतर दरड कोसळून रस्ता अडण्याचे प्रकार आजही होतात. सप्टेंबरात त्यात सफरचंदांच्या ट्रकांची भर पडते. संत्र्यांच्या मोसमात आपल्या नागपुरात कळमन्याच्या बाजाराबाहेर ट्रकांची जशी रांग लागते तशीच ती असते, फक्त इथे रांग घाटात उभी असते. जम्मू-काश्मीर वाहतूक पोलीस दररोज महामार्गाच्या स्थितीची सूचना काढतात. जम्मू सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि निघण्याच्या सकाळी अशी दोनदा ती वाचा. झोजी लावरही एका वेळी एकाच दिशेची वाहतूक सोडण्याच्या वेळा ठरवल्या जातात, त्यामुळे सोनमर्गला उशिरा पोहोचलात तर तो दिवस वाया जाऊ शकतो.

गोरेवाडा

मी या सल्ल्याशी अंशतः असहमत आहे आणि कारण सांगतो. श्रीनगरचा रस्ता दरडींनी बंद पडला की चार-चार दिवस गाड्या अडकून राहतात. अठरा दिवसांच्या रजेत एवढा खंड परवडणारा नाही. मनालीकडे २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीची अनिश्चितता संपली आहे. मनालीला दोन रात्री आणि जिस्पाला दोन रात्री काढून मग सारचू टाळत एका दिवसात थेट लेह गाठले, तर उंचीचा प्रश्नही बऱ्याच अंशी सुटतो. जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर आहे. हा पर्याय इतक्या सहज सोडून देऊ नये.

कन्हानकाठ

गोरेवाडाभाऊ, जिस्पाला दोन रात्री काढण्याचा आपला मुद्दा योग्य आहे, आणि ज्यांना मनालीकडूनच जायचे आहे त्यांनी तसेच करावे. पण दरडींच्या बाबतीत मनालीची वाट अधिक भरवशाची आहे, असे म्हणता येणार नाही. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने कुल्लू-मनाली पट्ट्यात रस्त्याचे तुकडे वाहून नेले होते, हे आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. बोगद्याने रोहतांगचा प्रश्न सोडवला. मंडी ते मनाली या दरम्यानच्या नदीकाठाचा प्रश्न तसाच आहे. दोन्ही वाटा अडू शकतात, म्हणून मी कोणत्याही वाटेला जाताना राखीव दिवस धरतो. फरक आहे तो माणूस आजारी पडला तर काय करता येते याचा. श्रीनगर-लेह वाटेवर द्रास, कारगिल, खालत्से अशी वस्ती सलग मिळते. मनालीच्या वाटेवर दारचा सोडल्यावर उपशीपर्यंत बहुतेक ठिकाणी हंगामी तंबू आणि ढाबेच भेटतात.

मेडिकल चौक

मी व्यवसायाने डॉक्टर आहे. इथे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्यावे. बाबांच्या औषधांचा निर्णय त्यांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच करायचा आहे.

उंचावर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण बदलत नाही, ते २१ टक्क्यांच्या आसपासच राहते. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन घटतो. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, आणि साडेपाच हजार मीटरच्या आसपास तो निम्म्यावर येतो. शरीर श्वासाचा वेग वाढवून आणि मूत्रपिंडांच्या मार्फत रक्ताची आम्लता जुळवून याच्याशी जमवून घेते, पण त्याला काही दिवस लागतात. हे दिवस तरुण, व्यायामपटू माणसालाही चुकत नाहीत. रोज दहा किलोमीटर धावणारा मुलगा लेहमध्ये पडून राहतो आणि त्याचे आजोबा ठणठणीत असतात, हे चित्र दुर्मीळ नाही. म्हणून केवळ वयामुळे बाबांना घरी ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रचलित नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. कारगिलहून लेहला जाताना ही वाढ आठशे मीटरच्या घरात जाते. मोटारीच्या प्रवासात ती टाळणे कठीण असले, तरी त्याची भरपाई लेहमध्ये दोन पूर्ण दिवस विश्रांती घेऊन करावी. विश्रांती म्हणजे खरोखर विश्रांती. पहिल्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला जाऊ नये. भरपूर पाणी प्यावे, मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे आणि झोप न लागणे ही सौम्य त्रासाची लक्षणे आहेत. ती असताना आणखी वर जायचे नाही, हा नियम घरातील प्रत्येकाने आधीच मान्य करून ठेवावा, कारण त्या क्षणी प्रत्येक जण ‘मी ठीक आहे’ असेच म्हणतो. बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळसर होणे, खोकल्यातून फेस येणे ही फुप्फुसात पाणी भरत असल्याची खूण आहे. हा प्रकार बहुधा उंची गाठल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या रात्री दिसतो, म्हणजे पहिला दिवस सुरळीत गेल्यानंतर माणूस निश्चिंत झालेला असतानाच. चालताना तोल जाणे, बोलणे असंबद्ध होणे ही मेंदूला सूज आल्याची खूण असते. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचे बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगितले की ती लवकर ओळखू येते. या दोन्ही स्थितींत सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला ऑक्सिजन देऊन तातडीने खाली उतरवावे.

इथे लेहच्या भूगोलाचा विचार आवश्यक आहे. लेहहून रस्त्याने खाली उतरायचे तर सिंधूच्या काठाने खालत्सेपर्यंत जाता येते, जे सुमारे ३,००० मीटरवर आहे. त्यापुढे पुन्हा खिंड लागते. म्हणजे गाडीने उतरून मिळणारा दिलासा जेमतेम पाचशे मीटरचा. लेहमध्ये सोनम नोरबू स्मृती रुग्णालय आहे, तिथल्या डॉक्टरांना या आजाराचा मोठा अनुभव आहे, आणि शहराला विमानतळ आहे. गरज पडल्यास बाबा आणि घरातील एक जण लेहहून विमानाने दिल्लीला येतील व उरलेले गाडी घेऊन येतील, हा पर्याय पैशांसकट तयार ठेवा. बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे कॅन काही मिनिटांत संपतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे ज्याला सर्व जण डायमॉक्स म्हणतात, ते प्रतिबंधासाठी साधारणतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिले जाते. ज्यांना सल्फा औषधांची ॲलर्जी आहे त्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे का, हेही पाहावे लागेल, कारण डायमॉक्सनेही लघवी वाढते. रक्तदाबाची गोळी मात्र एकही दिवस चुकवू नये. उंचावर पहिल्या काही दिवसांत रक्तदाब वाढण्याचीच शक्यता असते.

आता आपल्या भागातल्या लोकांसाठी एक विशेष गोष्ट, जी पर्यटनाच्या माहितीत सहसा सापडत नाही. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या जनुकाचे प्रमाण लक्षणीय आहे आणि ते अनेक समाजांत आढळते. ‘एएस पॅटर्न’ असलेला वाहक नागपुरात आयुष्यभर कोणत्याही त्रासाविना जगतो, आणि पुष्कळांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. अशा वाहकाला उंचावरील कमी ऑक्सिजनमुळे प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. वैद्यकशास्त्राला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. हे प्रत्येक वाहकाला होते असे नाही, पण लेहमधल्या डॉक्टरांना रुग्ण वाहक आहे हे पहिल्या मिनिटाला सांगता आले तर निदान लवकर होते. ‘एसएस पॅटर्न’ असलेल्या रुग्णाने या उंचीवर जाऊच नये. तपासणी स्वस्त आहे आणि शासकीय रुग्णालयांत होते. चौघांचीही करून घ्या, मुलीची विशेष लक्ष देऊन, आणि अहवालाची प्रत गाडीत ठेवा.

धरमपेठकर

सिकलसेलची बाब आमच्या मनात कधीच आली नव्हती. माझ्या माहेरी एक जण वाहक आहे, त्यामुळे ही तपासणी याच आठवड्यात करून घेते. डॉक्टरसाहेब, मनापासून आभार.

कन्हानकाठदादा, उलट्या दिशेने जाण्याचे आम्हाला पटले. आता प्रश्न असा उरतो की हानले आणि उमलिंग ला यांचे काय करावे. यजमानांना ५,७९८ मीटरच्या त्या रस्त्याचे फार आकर्षण आहे.

कन्हानकाठ

या खेपेला सोडून द्या, असे मी स्पष्टच सांगतो. उमलिंग लाला जायचे तर हानलेला, म्हणजे चार हजार मीटरच्या बरेच वर, किमान दोन रात्री हव्यात. त्याही लेह-पाँगाँग झाल्यानंतर. अठरा दिवसांत ते बसवायचे तर लेहमधली विश्रांती कापावी लागेल, आणि कापता न येणारा भाग तोच आहे. हानलेला २०२२ पासून गडद आकाशाचे राखीव क्षेत्र आहे, तिथली रात्र खरोखर पाहण्यासारखी असते, हे मान्य. ती बाबांशिवायच्या, केवळ पूर्व लडाखसाठी ठेवलेल्या वेगळ्या प्रवासात पाहावी.

नुब्रा अवश्य करा. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर असला तरी हुंदर आणि दिस्कित ही गावे लेहहून खाली, ३,१०० मीटरच्या आसपास आहेत, त्यामुळे तिथे झोप चांगली लागते. माथ्यावर पंधरा-वीस मिनिटांहून अधिक थांबू नका. पाँगाँग नुब्रानंतर ठेवा, पण हुंदरहून श्योकच्या वाटेने थेट तिथे जाऊन मुक्काम केल्यास झोपण्याची उंची एका दिवसात हजार मीटरहून अधिक वाढते. त्याऐवजी नुब्राहून लेहला परत या, आणि लेहहून पहाटे निघून चांग लामार्गे पाँगाँग पाहून संध्याकाळी पुन्हा लेहला मुक्कामी या. दिवस लांबेल, रात्र मात्र सुखाची जाईल. पाँगाँगच्या काठी राहायचा हट्टच असेल, तर थोडे खाली असलेल्या तांगत्सेला राहा.

एकूण हिशेब असा लागतो. ग्वाल्हेरपर्यंत सुमारे ६८० किलोमीटर, तो पहिला मुक्काम ठीक आहे. सिवनी, लखनादौन, सागर, ललितपूर, झाशी हा सगळा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४४ च आहे, आणि आपल्या घरापासून श्रीनगरपर्यंत तोच महामार्ग जातो. मनसर, देवलापार सोडल्यावर पेंचमधून जाताना रस्ता जिथे प्राण्यांसाठी उंचावून बांधला आहे, तिथे गाडी थांबवू नका. दुसरा मुक्काम अंबाला, दिल्लीत न शिरता पूर्व परिघीय द्रुतगती मार्गाने कुंडलीला बाहेर पडून. तिसरा जम्मू, चौथा आणि पाचवा श्रीनगर, सहावा कारगिल, आणि सातव्या दिवशी लेह. सातवी, आठवी आणि नववी रात्र लेहला. दहावी आणि अकरावी नुब्रात, बारावी लेहला, तेराव्या दिवशी पाँगाँग करून पुन्हा लेह. चौदाव्या दिवशी लेहहून जिस्पा, पंधराव्या दिवशी मनालीत न थांबता मंडी किंवा त्याच्याही खाली, सोळाव्या दिवशी आग्र्याच्या आसपास, आणि सतराव्या दिवशी घर. हाती एकच राखीव दिवस राहतो. तो अपुरा आहे. रजा आणखी दोन दिवस वाढवता आली तर उत्तम. नाही तर पाँगाँग किंवा नुब्रा यांपैकी एकावर पाणी सोडायची तयारी निघतानाच ठेवा.

वाडी नाका

माझे गॅरेज आहे, म्हणून गाडीपुरते लिहितो. चार चाकांना शक्ती देणारी गाडी या मार्गांसाठी आवश्यक नाही. जमिनीपासूनची उंची आणि टायर या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. टायरची नक्षी निम्म्याहून अधिक झिजली असेल तर निघण्याआधी बदला, आणि नव्या टायरवर चारपाचशे किलोमीटर आधीच चालवून घ्या.

नागपूरच्या गाड्यांच्या बाबतीत मला सर्वाधिक काळजी कूलंटची वाटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पातळी खाली गेली की अनेक ठिकाणी साधे पाणी घालून ती भरली जाते. दोन-तीन उन्हाळे असे गेले की टाकीत उरते ते जवळपास पाणीच. नागपुरात त्याने काही बिघडत नाही. सप्टेंबरअखेरीस मात्र चार हजार मीटरवर रात्री पारा शून्याखाली जातो, पाणी गोठताना फुगते, आणि रेडिएटरला किंवा इंजिनच्या ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो. पूर्ण कूलंट काढून, यंत्रणा धुऊन, निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर असे मिश्रण भरून घ्या. ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. बाटलीतून मिळणारे तयार कूलंट असेल तर त्यात पुन्हा पाणी मिसळू नका. काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी ठेवू नका.

टायरमधील हवेबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. मापक आतला आणि बाहेरचा दाब यांतील फरक दाखवतो. वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो, त्यामुळे नागपुरात ३३ पीएसआय भरलेला टायर तेवढ्याच तापमानाला खारदुंग लावर ४० च्या जवळ दाखवेल. थंडीने त्यातला काही भाग उतरतो, म्हणून प्रत्यक्षात वाढ कमी दिसते. घाटात थांबून हवा सोडत बसण्याऐवजी लेहला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या दाबावर आणून ठेवा. परतताना खाली आल्यावर हाच दाब कमी भरेल, तेव्हा यमुना द्रुतगती मार्गाला लागण्यापूर्वी पुन्हा भरून घ्या. कमी हवेच्या टायरने त्या सिमेंटच्या रस्त्यावर ताशी शंभरच्या वेगाने जाणे हे टायर फुटण्याचे हमखास कारण आहे. बारा व्होल्टवर चालणारा पंप आणि ट्यूबलेस पंक्चरचा संच सोबत हवाच.

पेट्रोल इंजिनाला टर्बो नसेल तर पाच हजार मीटरवर त्याची चाळीस टक्क्यांच्या आसपास ताकद जाते. हा बिघाड नव्हे, हवा विरळ असल्याचा परिणाम आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढा, अर्धा क्लच दाबून धरू नका, आणि ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत. छतावर सामान बांधू नका.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. परतीच्या वाटेवर लेह किंवा कारूला टाकी पूर्ण भरली की पुढचा भरवशाचा पंप तांदीला; त्या पंपावरचा ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ हा फलक प्रसिद्धच आहे. पंचेचाळीस लिटरला बाराची सरासरी धरली तरी पाचशेच्या वर जाते. म्हणून केबिनमध्ये प्लास्टिकच्या कॅनमधून पेट्रोल नेऊ नका. बंद गाडीत वाफ साठते, उंचावर कॅन फुगतो, आणि मागच्या आसनावर आपले वडीलधारे बसलेले असतात.

धरमपेठकर

यजमानांशी आणि बाबांशी बसून बोलले. उमलिंग ला आणि हानले काढून टाकले आहे. रजा वीस दिवसांची करण्यासाठी अर्ज दिला आहे. दोन दिवस वाढले तर ते कोणत्याही स्थळासाठी न वापरता राखीव ठेवायचे ठरले. बाबांसाठी असे ठरले की कारगिलच्या रात्री आणि लेहच्या दुसऱ्या रात्री त्यांची प्रकृती पाहून पुढचा निर्णय घ्यायचा, आणि तो निर्णय माझ्या हाती राहील. त्यांनी हे मान्य केले. द्रासपर्यंत पोहोचलो तरी माझा प्रवास झाला, असे ते म्हणाले.

एक शंका राहिली. लेहहून जिस्पा एका दिवसात करणे बाबांना झेपेल का? मधे सारचूला थांबणे बरे नाही का?

कन्हानकाठ

तोपर्यंत आपण लेह परिसरात आठवडाभर राहिलेले असाल, त्यामुळे शरीर बरेच रुळलेले असेल आणि परतीच्या दिवशीच्या उंचीची मला जातानाइतकी काळजी वाटत नाही. काळजी थंडीची आणि वेळेची आहे. सारचूचे बरेचसे तंबू सप्टेंबरच्या उत्तरार्धात आवरले जातात. आरक्षण नसेल तर तिथे पोहोचून निवाऱ्याविना राहण्याची वेळ येऊ शकते. जिस्पा साधारण सव्वातीनशे किलोमीटर आहे. पहाटे पाचला लेह सोडा, टांगलांग ला उजाडल्यावर चढा, मोरे मैदान ओलांडून पांग या थांब्यावर साडेदहा-अकरापर्यंत जेवण उरका. लाचुलुंग ला, नकी ला आणि गाटा लूप्सची एकवीस वळणे उतरून दुपारी सारचू ओलांडलेत, तर उजेड असेपर्यंत बारालाचा मागे पडतो. बारालाचाच्या पलीकडे, जिस्पाकडच्या उतारावर, रस्त्यावरून वाहणारे ओढे लागतात. दिवसभर बर्फ वितळून त्यांचे पाणी दुपारनंतर वाढते, म्हणून उशीर टाळायचा. पाणी जोरात दिसले तर आधी दुसरी गाडी पार होऊ द्या, चाके कुठून जातात ते पाहा आणि पहिल्या गिअरमध्ये न थांबता काढा. दोघे चालक आहात, तेव्हा पांगला चालक बदला.

गोरेवाडा

उलट्या दिशेबाबत माझा आक्षेप मी मागे घेतो. सोबतच्या माणसाचे वय आणि द्रासची इच्छा लक्षात घेता तीच वाट योग्य आहे. एक राहिलेली गोष्ट सांगतो. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. निदान दोन फोन, आणि तेही दोन वेगळ्या कंपन्यांचे, पोस्टपेड करून घ्या. बदलाला काही दिवस लागतात, त्यामुळे ते निघण्याच्या आठवड्यावर ढकलू नका. लेहच्या बाहेर जाण्यासाठी लागणारी नोंदणी आणि पर्यावरण शुल्क प्रशासनाच्या संकेतस्थळावर भरता येते. त्याच्या छापील प्रती तीन-चार काढून ठेवा, कारण तपासणी नाक्यांवर त्या मागितल्या जातात आणि तिथे फोनला जाळे मिळेलच असे नाही.

धरमपेठकर

बाबांचा फोन प्रीपेडच आहे. उद्याच बदलून घेते.